सिस्टर, मला नक्की काय झालंय?

हा प्रश्न सकाळच्या राउंडला येत नाही. राउंडला डॉक्टरांच्या मागे पाच-सात जण असतात, केसपेपर हातातून हातात फिरत असतो, मुलगा नाहीतर जावई पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून डोळ्यांनी खुणा करत असतो. प्रश्न येतो रात्री, सलाईन बदलताना. किंवा डे-केअरमध्ये, केमोसाठी शीर शोधायला सिस्टरने मान खाली घातलेली असते तेव्हा. “सिस्टर, मला नक्की काय झालंय?” आणि बहुतेक वेळा ओव्हर देताना आधीच्या सिस्टरने सांगून ठेवलेलं असतं : पेशंटला माहीत नाही, त्याच्यासमोर बोलू नका.

कॅन्सरच्या वॉर्डात नव्याने लागलेल्या सिस्टर आणि ब्रदरांसाठी हे लिहीत आहे. नातेवाइकांनी वाचलं तरी उपयोगच होईल. जीएनएमला किंवा बीएस्सी नर्सिंगला आपण नीतिशास्त्राची चार तत्त्वं पाठ करतो : रुग्णाची स्वायत्तता, त्याचं हित, त्याला अपाय न करणं आणि न्याय. वॉर्डात ही तत्त्वं एकेकटी भेटत नाहीत. त्यातली दोन एकाच पलंगापाशी एकमेकांना अडवून उभी असतात आणि डॉक्टर ओटीत असतात. अशा वेळी काय बोलायचं, काय लिहायचं, कोणाला बोलवायचं हे आधी ठरवलेलं असेल तर गोंधळ कमी होतो. आजाराची माहिती सगळ्यांत आधी रुग्णाच्या मालकीची आहे आणि त्याचा प्रश्न योग्य माणसापर्यंत पोचवणं हे परिचारिकेचं काम आहे, या एका गोष्टीवर माझा सगळा भर आहे.

नातेवाइकांपासून सुरुवात करते. “त्यांना सांगू नका, ते हाय खातील,” असं म्हणणारी मुलं दुष्ट नसतात. वडिलांनी जन्मभर घर ओढलं, आता त्यांना हा धसका कशाला, एवढाच त्यांचा विचार असतो. या मुलांवर डाफरून काही साधत नाही. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आणून द्यावी लागते. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात आलेल्या माणसाला आपण कशासाठी आलोय हे बहुधा समजलेलं असतं. केस गळतात, लाईट घ्यायला नेतात, धर्मशाळेत शेजारच्या खोलीतला माणूस स्वतःचा आजार नावानिशी सांगतो. मग घरचे लपवतात म्हणून पेशंटही लपवतो. दोघंही एकमेकांसमोर हसतात आणि बाहेर जाऊन रडतात. जमिनीच्या वाटण्या, बहिणीशी धरलेला अबोला, धाकटीचं लग्न, यांबद्दल बोलायचं राहून जातं. ते नुकसान कोणत्याच औषधाने भरून येत नाही.

घरच्यांना पुढीलप्रमाणे सांगावं. “दादा, तुम्ही त्यांना जपताय, ते मला कळतंय. मी आपणहून काही बोलणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. त्यापेक्षा डॉक्टरांसमोर आपण सगळे बसू या.” बहुतेक मुलं या बोलण्यावर गप्प होतात, आणि काहींना तर सुटल्यासारखं वाटतं, कारण ओझं त्यांनाही जड झालेलं असतं.

आता रात्रीच्या त्या प्रश्नाचं. “काही नाही काका, साधी गाठ आहे,” हे उत्तर कधीच देऊ नका. आज धीर मिळेल, पण उद्या केमो सुरू झाली की तुमच्या प्रत्येक शब्दावरचा विश्वास उडेल. “उलटी थांबेल”, “हे इंजेक्शन दुखणार नाही” हेही मग खोटं वाटू लागतं. त्याच वेळी, रोगाचं निदान पहिल्यांदा सांगणं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं काम आहे. स्टेज, पुढचे पर्याय, किती आशा आहे, हे सगळं त्याच बैठकीत सांगावं लागतं, आणि मध्यरात्री एकट्या सिस्टरला ते पेलणारं नसतं. मग करायचं काय? हातातलं काम ठेवायचं, स्टूल ओढून बसायचं आणि उलट विचारायचं : “तुम्हाला काय वाटतंय, काका?” “डॉक्टरांनी आतापर्यंत काय सांगितलंय?” आणि तिसरा, सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न : “तुम्हाला सगळं स्वतः ऐकायचंय, की मुलाशी बोललेलं चालेल?”

या तिसऱ्या प्रश्नाला काही माणसं मनापासून म्हणतात, “मुलाशीच बोला, मला नको.” तेही उत्तर तितकंच मानाचं आहे. जाणून घेण्याचा हक्क ज्याचा, न जाणण्याचा हक्कही त्याचाच. फक्त तो निर्णय त्याने घेतलेला हवा, जावयाने त्याच्या वतीने घेतलेला नको.

मग नर्सिंग नोट्समध्ये त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. “रुग्णाने रात्री विचारले : मला कॅन्सर आहे का? स्वतः डॉक्टरांकडून ऐकण्याची इच्छा व्यक्त केली.” वेळ घाला, सही करा, सकाळी राउंडला तोंडी सांगा. तोंडी सांगितलेलं राउंडच्या घाईत विरून जातं, कागदावर आलेल्या प्रश्नाला कोणालातरी उत्तर द्यावंच लागतं. आपल्याकडे परिचारिकेची लेखणी फार कमी वापरली जाते असं मला नेहमी वाटतं. टीपीआर आणि इनटेक-आउटपुट लिहिणारा तोच हात हे वाक्यही लिहू शकतो.

लहान मुलांच्या वॉर्डात हे आणखी नाजूक होतं, पण नियम फारसा बदलत नाही. ल्युकेमियाच्या आठ वर्षांच्या मुलीला “काही नाही गं” म्हणून पाठीत सुई घातली, तर ती पुढच्या वेळी तुम्हाला जवळही येऊ देणार नाही. दुखणार असेल तर दुखेल म्हणा, किती वेळ ते सांगा, कोणता हात चालेल ते तिला निवडू द्या. सही आईवडिलांची असते, पण मान तिने डोलवावी एवढी वाट पाहता येते.

संमतीपत्रावरची सही

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी पहाटे फॉर्म घेऊन जाणं पुष्कळ ठिकाणी सिस्टरकडे येतं. साक्षीदार म्हणून सहीही तीच करते. ती सही करण्याआधी एक वाक्य बोलायची सवय लावून घ्या : “ताई, उद्या काय करणार आहेत ते तुमच्या शब्दांत मला सांगा बरं.” ताई म्हणाल्या “गाठ काढणार” आणि फॉर्मवर पूर्ण स्तन काढण्याचं लिहिलेलं असेल, तर तिथेच थांबा. फॉर्म तसाच ठेवा, रेसिडेंट डॉक्टरांना फोन करा. यादी लांबेल, कोणी चिडेल. चिडू द्या.

कारण स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरमध्ये निर्णय नवरा, सासू, दीर यांच्यात होतो आणि बाईला फक्त तारीख कळते, हे आपल्याकडे अजूनही सर्रास घडतं. कायदा याबाबत स्पष्ट आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ती बाई तपासणीसाठी दुर्बिणीच्या प्रक्रियेला आली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोष काढण्यात आले. न्यायालयाने म्हटलं की रुग्ण सज्ञान आणि सक्षम आहे, जिवावर बेतलेली तातडी नाही, तर आईची संमती चालणार नाही. तपासणीला दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही. आईची चालत नाही, तिथे नवऱ्याची कशी चालेल? हा निकाल प्रत्येक सर्जिकल वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरला माहीत असायला हवा.

भाषेचाही इथे संबंध आहे. मुंबईत बंगाल, आसाम, बिहारमधून रुग्ण येतात. आपल्याच राज्यातल्या धडगावच्या किंवा भामरागडच्या आजीला प्रमाण मराठीतलं संमतीपत्र वाचून दाखवलं तर ती हो म्हणते, कळलेलं नसतं. दुभाषी म्हणून सोबतच्या शाळकरी नातवाला पुढे करू नका. आजीच्या अंगावरून काय जातंय हे त्याच्या तोंडून विचारणं दोघांनाही लाजवणारं आहे. समाजसेवा विभागाला सांगा, वॉर्डातल्या मावशींना विचारा. त्यांच्यात ती बोली येणारं कोणीतरी बऱ्याचदा सापडतं. मात्र आजीची खासगी गोष्ट वॉर्डाबाहेर जाणार नाही एवढं त्यांना आधी बजावून ठेवा.

दुखणं

सगळ्यांत जास्त अन्याय मी इथे होताना पाहते. जबड्याच्या कॅन्सरचा माणूस, गाल फाटलेला, रात्रभर भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो, कारण त्याला आडवं होता येत नाही. ऑर्डरमध्ये वेदनाशामकापुढे ‘एसओएस’ लिहिलेलं असतं. म्हणजे गरज पडली तर. गरज कोण ठरवतं? आपण. आणि आपण त्याच्या ओरडण्याची वाट पाहतो. जो ओरडत नाही त्याला काहीच मिळत नाही, आणि खेड्यातून आलेली बाई तर ओरडतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत 1986 साली सांगितली. तिचं सार असं की औषध शक्यतो तोंडावाटे, घड्याळ लावून, ठरलेल्या वेळी द्यायचं, दुखणं डोकं वर काढण्याची वाट पाहायची नाही. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम साधारण चार तास राहतो. म्हणून सततच्या वेदनेत ती एसओएसवर ठेवली असेल तर डॉक्टरांना नियमित वेळा लिहून मागा, आणि मध्येच दुखलं तर द्यायच्या जादा डोसची ऑर्डरही वेगळी लिहून घ्या. हे मागताना तुमच्याकडे आकडा हवा. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय हे पल्स-बीपीबरोबर दर वेळी विचारा आणि लिहा. “पेशंट तळमळतोय” या वाक्यापेक्षा “रात्री दहाला आठ, दोनला नऊ, झोप नाही” ही नोंद लवकर काम करते.

मॉर्फिनचं नाव निघालं की घरचे विचारतात, “म्हणजे आता संपलंच का?” दुसरा प्रश्न : “सवय लागेल का?” दोन्हींना शांतपणे उत्तर द्या. मॉर्फिन हे मोठ्या दुखण्याचं औषध आहे, शेवटचं औषध नव्हे. उपचार चालू असतानाही ते देतात आणि दुखणं कमी झालं तर हळूहळू कमी करून बंदही करतात. कॅन्सरच्या वेदनेसाठी नीट देखरेखीखाली दिलं तर व्यसन लागणं विरळच. सुरुवातीची गुंगी आणि मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र राहते, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून हवं. ते नसेल तर चार दिवसांनी पेशंट स्वतःच गोळी टाकून देतो, आणि आपण म्हणतो, पेशंट ऐकत नाही.

एक भीती आपल्याही मनात असते, ती उघड बोलायला हवी. मी इंजेक्शन दिलं आणि तासाभरात पेशंट गेला, तर ते माझ्यामुळे झालं का? वेदनेच्या प्रमाणात, पायरीपायरीने वाढवत दिलेलं मॉर्फिन मृत्यू ओढून आणत नाही. माणूस आजाराने जातो. तुमचं काम आहे ते डोस तपासणं, श्वासाचा वेग आणि गुंगी पाहणं, श्वास फार मंदावला तर लगेच डॉक्टरांना बोलावणं, नॅलोक्सोन कुठे ठेवलंय हे ठाऊक असणं आणि सगळं लिहिणं. एवढं केलेलं असेल तर त्या मृत्यूचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

‘आमच्याकडे मॉर्फिन मिळत नाही’ हे कारण जिल्ह्याच्या ठिकाणी अजून ऐकू येतं. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या किचकट परवान्यांमुळे अनेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं होतं. 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थांसाठी नियम सोपे झाले. तुमच्या रुग्णालयाला ती मान्यता आहे का, नसेल तर अर्ज केलाय का, हे मेट्रनने अधिष्ठात्यांना किंवा शल्यचिकित्सकांना विचारावं. आणि जिथे मॉर्फिन आहे तिथे कुलूप, रजिस्टर, दोघांच्या सह्या आणि उरलेलं औषध दोघांसमोर नष्ट करणं, यात ढिलाई नको. एक गैरवापर उघडकीस आला की पूर्ण वॉर्डाचा साठा बंद होतो आणि भोगतो तो पेशंट.

घरी नेताना

पैसे संपले, रजा संपली, गावाकडे म्हैस आणि म्हातारी एकटी आहे. “आमच्या जबाबदारीवर नेतो” म्हणून सही होते. काही वॉर्डांत अशा पेशंटकडे लगेच पाठ फिरवली जाते, जणू त्याने आपला अपमान केला. मला हे अजिबात पटत नाही. सहीने उपचार नाकारले असतील, सेवा नाकारलेली नाही. आधी पैशाचाच प्रश्न आहे का ते विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार येतात आणि अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. केवळ रेशनकार्डाचा कागद अपुरा होता म्हणून पेशंट परत निघालेला असू शकतो. तरीही ते निघालेच तर वेदनेची औषधं पुरेशी द्यायला लावा, जखमेची पट्टी कशी बदलायची ते सुनेला किंवा मुलाला हाताने करायला लावून शिकवा, नळीतून भरवणं शिकवा, जवळच्या जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअर कक्ष असेल तर तिथली चिठ्ठी द्या. मुंबईत वांद्र्याला 1986 पासून शांती आवेदना सदन आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. त्याची शाखा गोव्यातही आहे. अशी जागा असते हेच कित्येक कुटुंबांना माहीत नसतं.

गावठी औषध, काढा, भस्म चालू आहे का, हेही विचारा, पण आवाज न चढवता. ओरडलात की पेशंट लपवतो, आणि केमोसोबत पोटात काय जातंय ते कोणालाच कळत नाही.

शेवटचे दिवस

आजार हाताबाहेर गेलेला आहे, व्हेंटिलेटरने काही साधणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी फाइलमध्ये कुणी काही लिहिलेलं नाही. रात्री हृदय थांबतं आणि आपण बरगड्या मोडेपर्यंत छाती दाबतो. किंवा नातेवाइकांना दिसावं म्हणून हलक्या हाताने दाबल्यासारखं करतो. हे दुसरं तर पहिल्याहून वाईट आहे, कारण ते खोटं आहे. उपाय दिवसाच करायचा असतो. पेशंट खालावताना दिसला की इनचार्जमार्फत विचारा : याचं हृदय थांबलं तर काय करायचं, हे घरच्यांशी बोलून लिहून ठेवाल का? पुनरुज्जीवन न करण्याच्या निर्णयाबाबत आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं 2020 पासून आहेत. ती वॉर्डात ठेवा.

सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी 2023 मध्ये ‘लिव्हिंग विल’ची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतं. प्रत्यक्ष उपचार थांबवायचे तर प्राथमिक आणि दुय्यम अशा दोन वैद्यकीय मंडळांचं मत लागतं. निर्णय मंडळांचा आणि कुटुंबाचा असतो. पण पेशंट शुद्धीत असताना तुमच्यापाशी काय बोलला होता, “मला नळ्या लावू नका, घरी न्या” असं म्हणाला होता का, हे तुमच्या नोंदीत असेल तर त्या बैठकीत त्याचा आवाज पोचतो. हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं अचेतन अवस्थेत पडून राहिलेल्या केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांची गोष्ट कॅन्सरची नव्हती, पण 2011 च्या निकालात न्यायालयाने त्यांच्या बाबतीत बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला, कारण इतकी वर्षं या कर्मचाऱ्यांनीच त्यांना सांभाळलं होतं. सेवा करणाऱ्याच्या शब्दाला वजन असतं, हे या देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवलेलं आहे.

चूक झाली तर

केमोत चुकीला जागा फार कमी असते. व्हिन्क्रिस्टीन शिरेतूनच द्यायचं असतं. ते मणक्यात गेलं तर जवळजवळ नेहमीच जीव जातो, आणि म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीतून देण्याची सूचना केली. दोघांनी मिळून नाव, डोस आणि मार्ग मोठ्याने वाचणं हा वेळेचा अपव्यय नाही. औषध शिरेबाहेर गेलं, हात लाल झाला, तर थांबवा, डॉक्टरांना बोलवा, पेशंटला सांगा, इन्सिडेंट रिपोर्ट भरा. लपवलेल्या चुकीने त्याचा हात जाऊ शकतो. आणि इनचार्ज सिस्टरांनो, कबुली देणाऱ्या मुलीला सर्वांसमोर झापलंत तर पुढची चूक तुमच्यापर्यंत येणारच नाही.

सिस्टरचं स्वतःचं

योग्य काय ते कळतंय पण करू दिलं जात नाही, या अवस्थेला अँड्र्यू जेमटन यांनी 1984 साली ‘मॉरल डिस्ट्रेस’ असं नाव दिलं. दमणं वेगळं, हे वेगळं. दमलेली सिस्टर झोपून उठली की सावरते, पण ही टोचणी सुट्टीतही सोबत येते. मग काही जणी पेशंटशी बोलणंच कमी करतात, नजर फक्त सलाईनवर ठेवतात. हे स्वतःत दिसलं तर कोणाशी तरी बोला. शिवाय केमो हाताळताना ग्लोव्ह्ज, गाऊन, मास्क मिळत नसतील किंवा गरोदर असताना त्या ड्यूटीवर ठेवलं जात असेल, तर लेखी बदल मागा. यात स्वार्थ काही नाही.

मेट्रन आणि इनचार्ज सिस्टरांना शेवटी एक विनंती आहे. आठवड्यातून अर्धा तास, दुपारचं ओव्हर झाल्यावर, वॉर्डातल्या एका अवघड प्रसंगावर सगळ्यांना बोलू द्या. जीएनएमच्या नव्या मुलीपासून मावशींपर्यंत सगळ्या असोत, शक्य झालं तर एखादे डॉक्टरही. आधी सगळ्यांत कनिष्ठ सिस्टरला बोलू द्या, ठरलेलं लिहून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात ते झालं का ते विचारा. याला वेगळा निधी किंवा मंजुरी लागत नाही. येत्या आठवड्यापासूनच सुरू करा.